जुन्या कॅम्पर व्हॅनचं कूलंट जातं तरी कुठे?

प्रश्न थोडक्यात असा आहे: १९८६ ची फोक्सवॅगन टी३ कॅम्पर, १.९ लिटरचं पेट्रोल इंजिन. दर दोनशे किलोमीटरला जवळजवळ लिटरभर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) घालावं लागतं. इंजिनाजवळचे दोन होज (रबरी नळ्या) बदलले, आठ दिवस बरं गेलं, मग पुन्हा तेच. एक मेकॅनिक म्हणतो हेड गॅस्केट (इंजिनाचं धड आणि हेड यांमधलं सील) गेलंय, इंजिन उतरवावं लागेल. दुसरा म्हणतो गळती थांबवणारं डब्यातलं औषध टाका, गाडी चालवा. महिन्याभरात लांबचा प्रवास आहे. काय करावं?

औषध टाकू नका. इंजिनही इतक्यात उतरवू नका.

होज बदलल्यावर आठ दिवस बरं गेलं, हे तुम्ही ओघात लिहून गेलात, पण तुमच्या प्रश्नात सगळ्यात कामाची गोष्ट तीच आहे. ते होज खरंच गळत असणार. ते बदलल्यावर सिस्टिममध्ये दाब आधीपेक्षा जास्त टिकायला लागला आणि तो ज्याला सोसला नाही असा पुढचा सांधा पाझरू लागला. इतक्या जुन्या गाडीत छोटी गळती ही न सांगता सेफ्टी व्हॉल्व्हचं काम करत असते. एक भोक बुजवलं की उरलेल्या सगळ्या सांध्यांवर पूर्ण दाब येतो आणि त्यातला सर्वांत कच्चा हात वर करतो. तुमचे पैसे वाया गेले नाहीत, रांगेतला पुढचा नंबर लागला एवढंच. म्हणून एकेक गळती शोधून बुजवत बसण्यापेक्षा सगळी सिस्टिम पूर्ण दाब धरते का, हे बघायचं. जोवर ती धरत नाही, तोवर काम संपलेलं नाही, मग जमिनीवर थेंब दिसो वा न दिसो.

या गाडीची रचना एकदा डोळ्यासमोर आणा. टी३ मध्ये १९८३ च्या मॉडेलपासून पेट्रोल इंजिन पाण्याने थंड होणारं झालं. इंजिन मागेच राहिलं, रेडिएटर मात्र नाकाशी गेला. गरम पाणी गाडीच्या पोटाखालून पुढे जातं, थंड होऊन तसंच परत येतं. साध्या छोट्या मोटारीचं पाच-सहा लिटरमध्ये भागतं, इथे सोळा-सतरा लिटर लागतात. डॅशबोर्डमागे एक हीटर, मागच्या बाकाखाली दुसरा. कॅम्पर करताना कुणी इंजिनाच्या पाण्यावर चालणारी आंघोळीच्या पाण्याची टाकी बसवली असेल तर आणखी दोन फांद्या. प्रत्येक फांदीला दोन टोकं, प्रत्येक टोकाला एक क्लिप. यातली निम्मी फर्निचरखाली नाहीतर चिखलात.

आणि हे सगळं दाबाखाली. उघड्यावर पाणी १०० अंशांना उकळतं, १ बार, म्हणजे साधारण वातावरणाएवढा, जास्तीचा दाब दिला की १२० पर्यंत तग धरतं. निम्मं ग्लायकोल (कूलंटमधलं मुख्य रसायन) असलेलं मिश्रण उघड्यावरच १०७-१०८ पर्यंत जातं, दाबाखाली त्याहून वीसेक अंश वर. गळतीमुळे नुसतं कूलंट जात नाही, हा वरचा सगळा अवकाशही जातो. चढावर भरलेली गाडी ओढताना इंजिनाला नेमकी त्याचीच गरज असते.

आता सुरुवात कॅपपासून, म्हणजे कूलंटच्या टाकीच्या झाकणापासून. लोक ही सर्वांत शेवटी बघतात. टी३ मध्ये कूलंटची दोन भांडी आहेत: इंजिनाच्या कप्प्यातली दाबाची टाकी, जी नेहमी काठोकाठ भरलेली असायला हवी, आणि मागच्या नंबर प्लेटच्या आडची भरायची बाटली, जिच्यावर कमी-जास्तीच्या खुणा असतात. कॅपमध्ये दोन व्हॉल्व्ह असतात. कूलंट तापून फुगलं की एक व्हॉल्व्ह उघडून जास्तीचं बाटलीत सोडतो. इंजिन गार झालं की आत पोकळी होते, तेव्हा दुसरा उघडून तेच कूलंट बाटलीतून परत ओढून घेतो. हा दुसरा व्हॉल्व्ह चिकटला, किंवा टाकी आणि बाटली यांना जोडणारी बारीक नळी टोकाशी तडकली, तर इंजिन कूलंटऐवजी हवा ओढतं. मग टाकीची पातळी रोज उतरते, बाटली मात्र तशीच भरलेली राहते. मालक टाकीत भर घालतो, पुढच्या फेरीत ती उतू जाऊन बाटलीतून रस्त्यावर पडते, आणि हे चक्र हेड गॅस्केटच्या नावावर जमा होतं. तुम्ही रोज सकाळी दोन्ही भांड्यांची पातळी टेपवर खूण करून बघा. दोन्ही उतरत असतील तर कूलंट खरंच सिस्टिममधून जातंय. फक्त टाकी उतरत असेल तर आधी नवी कॅप आणि हातभर नवी नळी. कॅपचं रबर कडक झालेलं असेल, तिच्या तोंडाशी पांढरी खरवड साचलेली असेल, तर तपासण्याच्या भानगडीत न पडता बदलाच. स्वस्तातली बनावट कॅप मात्र घेऊ नका. छापलेल्या आकड्याला न उघडणारी कॅप ही गळक्या कॅपपेक्षा वाईट.

हे सगळं इंजिन पूर्ण गार असताना. गरम टाकीची कॅप फिरवली तर दाब एकदम सुटतो, १०० अंशांच्या वरचं कूलंट क्षणात उकळून तोंडावर येतं. हाताला फडकं गुंडाळलं तरी ते वाचवत नाही. शिवाय ग्लायकोल विषारी आहे आणि चवीला गोड. कुत्री-मांजरी ते चाटतात. काढलेलं कूलंट उघड्या घमेल्यात रात्रभर ठेवू नका, गटारात ओतू नका.

कॅपनंतर पुठ्ठे. संध्याकाळी गाडी सपाट जागी लावा, नाकापासून शेपटीपर्यंत जाड पुठ्ठे अंथरा, चाकांच्या जागा पेनाने आखा. सकाळी डाग बघा. डाग कुठे पडला यापेक्षा कसला आहे हे आधी ठरवा, कारण कॅम्परमधून पाणी पडायला कारणं पुष्कळ: सिंकचा निचरा, पिण्याच्या पाण्याची टाकी, पावसाचं साठलेलं पाणी. बोट बुडवून दोन बोटांत चोळा. साधं पाणी लगेच सुकतं आणि काही मागे ठेवत नाही. कूलंट बुळबुळतं, बोटं चिकटसर राहतात, वास गुळमट येतो. चाखून बघू नका.

एका कॅम्परच्या मालकाने वर्षभर पिण्याच्या पाण्याची टाकी दोषी धरली होती. मागच्या बाकासमोरचा गालिचा सारखा ओला. त्याने टाकी बदलली, नळ बदलला, नळ्या बदलल्या. मी गालिच्याला हात लावला तर बोटं बुळबुळीत. बाकाचं प्लायवूड काढलं, तर हीटरच्या प्लास्टिकच्या व्हॉल्व्हला केसाएवढी चीर आणि खाली पत्र्याच्या खोलगट भागात फिकट हिरवं तळं. प्रवासात पाणी त्या तळ्यात साठायचं आणि गाडी चढाला लागली की मागे वाहून इंजिनाच्या कप्प्यालगत टपकायचं. म्हणजे डाग इंजिनाखाली, रोग बाकाखाली. तुमच्या गाडीत तो बाक आजच उचलून बघा. पुढचा हीटर गळत असेल तर वेगळी लक्षणं दिसतात: समोरच्या काचेवर आतून तेलकट धुरकटपणा, जो पुसला की आणखी पसरतो, हीटर लावला की तोच गुळमट वास आणि पायाखालची चटई ओली.

मग येतो खरा तपास, दाब देऊन. रेडिएटर टेस्टर म्हणून हातपंप मिळतो, त्याला दाबाचा काटा आणि कॅपच्या जागी बसणारं तोंड असतं. तुमच्या टाकीच्या आट्यांना बसेल असं तोंड त्या संचात आहे ना, हे आधी बघून घ्या. एखाद्या दिवसापुरता उसना मिळाला तरी पुरे. इंजिन गार असताना टाकी काठोकाठ भरा, पंप लावा, दोन्ही हीटरचे व्हॉल्व्ह उघडे ठेवा, आणि कॅपवर छापलेल्या आकड्याइतका दाब द्या. तो साधारण १ बारच्या अलीकडे-पलीकडे असतो. त्याच्या वर जाऊ नका. रेडिएटरच्या बाजूच्या टाक्या प्लास्टिकच्या असतात आणि त्यांचं वय गाडीइतकंच असू शकतं. आता पंधरा मिनिटं काहीही करू नका. शक्य असेल तर रेडिओ बंद करून गाडीखाली आडवे पडा. पुष्कळदा गळती दिसण्याआधी ऐकू येते, बारीक चरचर.

हा तपास गार असताना करायचा हे मी उगाच सांगत नाही. काही सांधे फक्त गारच गळतात. रबर आणि धातू गार होताना सारखे आकसत नाहीत, दोहोंमध्ये फट राहते. इंजिन तापलं की सगळं फुगून ती फट मिटते. तुम्ही गाडी चालवत गॅरेजमध्ये नेता तेव्हा ती गरम असते, सांधा कोरडा असतो आणि मेकॅनिकला काहीच सापडत नाही. मग तो अंदाज करतो, आणि अंदाज नेहमी हेड गॅस्केटवर जाऊन बसतो. त्याला दोष देता येत नाही. गाडी रात्रभर तिथे ठेवून सकाळी तपासायला सांगा. उलटंही होतं, काही भेगा फक्त गरम असतानाच उघडतात, म्हणून गार तपासात काही निघालं नाही तर इंजिन तापवून, जपून, पुन्हा एकदा.

थेंब दिसला की त्याच्या मागे उलटं जायचं. पाणी पाइपाच्या पोटाला धरून हातभर सरकतं आणि मग सोयीच्या जागी टपकतं. चालत्या गाडीत वारा त्याला आणखी मागे नेतो. सुकलेलं कूलंट मात्र खोटं बोलत नाही: हिरवट, गुलाबी किंवा पांढरी खरवड जिथे सर्वांत जाड, उगम तिथे. आधी सगळा भाग धुऊन कोरडा करून घेतलात तर नवा माग लगेच दिसतो. तरी समजत नसेल तर अतिनील दिव्यात चमकणारा रंग कूलंटमध्ये टाकून दोन दिवस गाडी चालवा आणि रात्री दिवा घेऊन खाली शिरा.

टी३ मध्ये माझी नजर आधी कुठे जाते ते सांगतो. पोटाखालून जाणाऱ्या लांब पाइपांची दोन्ही टोकं. पाइप प्लास्टिकचा असेल तर तोंडाशी क्लिपच्या दाबाने आणि उष्णतेने तो वर्षानुवर्षं आत चेपत जातो. मग बाहेरचा होज नवा असो की जुना, क्लिप कितीही आवळा, ती आवळणार कुणावर? पाइप लोखंडी असेल तर जिथे पट्ट्याने गाडीला बांधलेला आहे तिथे पट्टा काढून बघा. पट्ट्याखाली माती ओली राहते आणि गंज तिथूनच खातो. त्यानंतर हेडला जोडलेले प्लास्टिकचे कोपरे आणि टी-जोड, जे इतक्या वर्षांत बिस्किटासारखे ठिसूळ होतात. मग वॉटर पंप. पंपाच्या अंगाला मुद्दाम ठेवलेलं एक बारीक भोक असतं. आतलं सील झिजलं की पाणी बेअरिंगकडे न जाता या भोकातून बाहेर यावं म्हणून. भोकाशी ओघळ दिसला तर पंप बदलायचा, भोक बुजवायचं नाही. हो, बुजवलेलं मी पाहिलंय, अॅरल्डाइटने. कॅम्पर महिनोन्महिने उभी राहते, सीलचे दोन घासणारे भाग एकमेकांना चिकटतात आणि मोसमातल्या पहिल्या स्टार्टला फाटतात. म्हणून उभ्या गाडीचा पंप चालत्या गाडीपेक्षा आधी जातो. शेवटी रेडिएटर. त्याचा खालचा भाग, जिथे पानं आणि चिखल अडकतो, तिथली अॅल्युमिनियमची जाळी हाताने भुकटी होत असेल तर डाग देण्याच्या (सोल्डर करण्याच्या) फंदात पडू नका. पितळी रेडिएटरला डाग बसतो, अॅल्युमिनियम आणि प्लास्टिकच्या रेडिएटरला नवा हाच उपाय.

आता हेड गॅस्केट. या इंजिनात तो एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींना वापरला जातो आणि घोळ तिथे होतो. सिलिंडरच्या तोंडाशी एक सील असतं, ते जळणाऱ्या वायूचा दाब अडवतं. त्याच्या बाहेर, पाण्याच्या कप्प्याच्या कडेने, रबरी गॅस्केट असतं, ते फक्त कूलंट अडवतं. बाहेरचं रबर गेलं तर कूलंट नुसतं बाहेर पाझरतं, धूर नाही, तेलात पाणी नाही, गाडी ओढायला उत्तम. गाडीखालून पुशरॉडच्या (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या दांड्यांच्या) नळ्यांच्या वर बघा, हेड आणि ब्लॉकच्या मधल्या रेषेत खरवडीची आडवी ओळ दिसते. आतलं सील गेलं तर मात्र जळका वायू कूलंटमध्ये शिरतो. मग गार इंजिन चालू केल्यावर एक-दोन मिनिटांत, पाणी कोमटही झालेलं नसताना, होज हाताला दगडासारखा लागतो. टाकीत सतत बुडबुडे येतात. खात्रीसाठी निळं द्रव असलेली चाचणी नळी टाकीच्या तोंडावर धरतात. आतल्या हवेत जळका वायू असेल तर निळं द्रव पिवळट होतं. दहा मिनिटांचं काम आहे. तुमच्या मेकॅनिकने ही चाचणी केली का, एवढंच विचारा. केली नसेल तर त्याचं निदान अजून अंदाज आहे. तेलाच्या झाकणाखाली मलईसारखा फेस दिसला म्हणून घाबरू नका, छोट्या छोट्या फेऱ्यांत नुसत्या बाष्पानेही तो येतो. तेल मोजायच्या डिपस्टिकवर दिसला तर घाबरा.

बाहेरच्या रबरातून नुसती खरवड येत असेल, थेंब पडत नसेल, तर मी प्रवास करून येईन आणि मग इंजिन खोलीन. दोनशे किलोमीटरला लिटर जात असेल तर नाही. आणि हेड काढायचं ठरलंच तर गंजलेले नट-स्टड तुटणार हे धरूनच वेळ ठेवा, आणि हेडचा पृष्ठभाग खड्डे पडून खाल्ला गेलाय का हे नवं गॅस्केट चढवण्याआधी बघा. खड्ड्यावर नवं रबर बसवून काय उपयोग.

होज बसवण्याचं काम सगळ्यांना सोपं वाटतं, निम्म्या नव्या गळत्या तिथेच जन्मतात. जुना होज ओढून निघत नसेल तर खाली स्क्रू ड्रायव्हर घालून उचकू नका, रेडिएटरची नळी तुटते. पातीने होज लांबीत चिरा, सोलून काढा. तसाही तो फेकायचाच आहे. मग उघडी पडलेली नळी बोटाने चाचपा. पांढरी पूड आणि खडबडीतपणा असेल तर बारीक पॉलिश पेपरने गोल फिरवून साफ करा, लांबीच्या दिशेने घासू नका. लांबीचा प्रत्येक ओरखडा म्हणजे पाण्याला बाहेर यायला वाट. नख अडकेल एवढे खड्डे असतील तर तो भागच बदला. नवा होज सरकायला कूलंटचाच हात लावा, ग्रीस किंवा तेल नको, या रबराला ते फुगवतं. होज नळीच्या फुगवट्याच्या पुढे पूर्ण सरकला पाहिजे आणि क्लिप फुगवट्याच्या मागे बसली पाहिजे, अगदी होजच्या टोकावर नाही, फुगवट्यावर तर मुळीच नाही. आवळताना रबर क्लिपच्या कडांशी जरा फुगलं की थांबा. पट्टीच्या खाचांतून रबर वर यायला लागलं म्हणजे तुम्ही ते कापताय. खाचा आरपार नसलेल्या, कडा वळवलेल्या क्लिपा घ्या. स्प्रिंगच्या क्लिपा दिसायला जुनाट, पण रबर आकसलं-फुगलं तरी दाब सारखा ठेवतात, त्यामुळे हात पोचत नाही अशा जागी मी त्याच लावतो. सांध्यात सिलिकॉन भरणं हा गुन्हा समजा, त्याचा जास्तीचा गोळा आत सुटतो आणि हीटरच्या बारीक नळीत जाऊन बसतो.

डब्यातल्या औषधाबद्दल माझा राग याच जातीचा आहे. ते गळतीला आणि बारीक नळीला वेगळं ओळखत नाही. जिथे वाट अरुंद तिथे ते साचतं, आणि दोन हीटर असलेल्या या गाडीत अरुंद वाटा भरपूर आहेत. चेपलेलं प्लास्टिक, सैल क्लिप, फाटलेला होज यांवर त्याचा काहीच उपाय चालत नाही.

सगळे जोड झाल्यावर पुन्हा पंप लावा, पुन्हा पंधरा मिनिटं. पहिल्या फटक्यात काटा टिकेल अशी अपेक्षा ठेवू नका. दोन-तीन फेऱ्या होतील, पण त्या तुमच्या दारात होतील, रस्त्यावर नाही. हीटरचा मागचा युनिट गळत असेल आणि वेळ नसेल तर त्याच्या दोन्ही नळ्या सोडवून पाइपाच्या सरळ तुकड्याने जोडून टाका. मागे ऊब मिळणार नाही, पण हा जुगाड नाही, रीतसर उपाय आहे. खूप मालक तो कायमचा तसाच ठेवतात.

भरताना फॉस्फेट नसलेलं, अॅल्युमिनियमच्या इंजिनाला चालणारं कूलंट घ्या आणि निम्मं डिस्टिल्ड पाणी. नळाचं जड पाणी आत क्षार धरतं. कूलंटच्या रंगावर जाऊ नका. हिरवं, निळं, गुलाबी हे कंपन्यांचे आवडीचे रंग, रसायन ओळखायचं ते लेबलवरून. दोन जाती मिसळल्या तर कधी कधी जेलीसारखा गाळ होतो. आधीचं काय होतं माहीत नसेल तर पाणी स्वच्छ येईपर्यंत सगळं धुऊन काढा.

इथे एक तपासणी कॅम्परवाल्यांनी नक्की करावी. इंजिन चालू, दिवे-पंखा चालू, व्होल्टमीटरचं एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला, दुसरं टाकीतल्या कूलंटमध्ये बुडवलेलं, धातूला न लावता. दशांश तीन व्होल्टच्या वर आकडा गेला तर कूलंटची ताकद संपली आहे किंवा कुठली तरी अर्थ वायर सैल आहे. नंतर बसवलेली दुसरी बॅटरी, फ्रिज, इन्व्हर्टर, यांच्या अर्थ वायरा कुठेही टोचलेल्या असतात. वीज मग कूलंटमधून वाट काढते आणि रेडिएटर आतून पोखरते. वर्षात दोन रेडिएटर गेले असं कुणी सांगितलं की मी आधी तारा बघतो.

हवा काढणं ही या गाडीची खोड आहे, आणि ते नीट न झाल्यामुळे चांगलं काम करूनही गाडी तापते. गाडीचं नाक साधारण ४० सेंटिमीटर वर उचला, भक्कम आधारावर, नुसत्या जॅकवर नाही. पुढची जाळी काढा, रेडिएटरच्या वरच्या अंगाला हवा सोडायचा स्क्रू आहे. दोन्ही हीटर पूर्ण गरमवर. स्क्रू उघडा, टाकीतून सावकाश भरा, भरताना हाताला लागतील ते होज दाबत राहा. मग इंजिन चालू करून मिनिटाला २,००० फेऱ्यांच्या आसपास धरा, दुसऱ्या माणसाने टाकी सतत भरती ठेवायची. स्क्रूमधून आधी फुसफुस, मग थुंकल्यासारखं, आणि शेवटी अखंड धार येते. त्या धारेत एकही बुडबुडा नाही असं दिसलं की स्क्रू बंद, टाकी काठोकाठ, कॅप, आणि बाटली वरच्या खुणेपर्यंत. थर्मोस्टॅट (तापल्यावर रेडिएटरकडची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) ८५ अंशांच्या आसपास उघडला की पुढचा रेडिएटर हाताला तापलेला लागला पाहिजे. मागे इंजिन तापलं आणि पुढे रेडिएटर गार, तर हवा अजून आत आहे.

वाटेत कधी अडकलात तर तापमानाच्या काट्यावर विसंबू नका. कूलंट निघून गेलं की सेन्सर हवेत लटकतो आणि काटा शहाण्यासारखा मध्येच उभा राहतो किंवा खाली येतो. काट्यातला लाल दिवा मात्र टाकीची पातळी बघतो. चावी फिरवल्यावर काही क्षण लुकलुकून तो विझतो. चालताना लुकलुकला तर पुढच्या वळणापर्यंतही जाऊ नका. इंजिन बंद, निदान तासभर थांबा, रिकाम्या गरम इंजिनात गार पाणी ओतलं तर हेड तडकू शकतं. फाटलेल्या होजवर स्वतःलाच चिकटणारी सिलिकॉनची टेप ताणून गुंडाळा, होज कोरडा असेल तरच ती धरते. मग कॅप मुद्दाम सैल ठेवा म्हणजे दाब चढणार नाही, दोन्ही हीटर पूर्ण उघडे, आणि हळू चालवत जवळच्या मुक्कामापर्यंत. गाडीत पाच लिटर पाणी, चार-पाच मापांच्या क्लिपा, एक सरळ जोडनळी, हातभर होज आणि एक जादा कॅप एवढं ठेवा.

महिना हातात आहे म्हणताय, तर पहिल्या आठवड्यात कॅप, पुठ्ठे आणि दाबाची तपासणी, दुसऱ्यात काम. उरलेले दिवस गाडी रोज थोडी चालवा. पहिल्या तापण्या-गारठण्यानंतर रबर जरा बसतं, तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी, गार असताना, स्क्रूच्या सगळ्या क्लिपांना अर्धा-पाऊण फेरा द्यावा लागेल. टेपवरच्या खुणा काढू नका. सलग पाच सकाळी टाकी काठोकाठ आणि बाटली त्याच खुणेवर मिळाली की सामान भरायला घ्या.